दीडशे मीटर आग्नेयेला

आधी सेल.
दोन पेन्सिल सेल, कालच घेतलेले, तरी पडदा काळा.
झाकण उघडलं तर स्प्रिंगवर हिरवट थर,
देवघरातल्या पळीवर चढतो तसा.
पोराच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं
आणि दुकानातच घासत बसलो,
एका हातानं गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देत.

मग आकाश.
सहा महिने कपाटात पडलेलं यंत्र
आपण कुठं आहोत तेच विसरलेलं असतं.
त्याला घाई करून चालत नाही.
जिंतूर रस्त्याला गाडीच्या टाकीवर
उताणं ठेवलं, तोंड वर करून,
आणि चहा पीत बसलो.
एक पट्टी भरली. दुसरी. तिसरी.
चौथी यायला दुसरा कप लागला.

होकायंत्र रुसलेलंच होतं.
हातात आडवं धरून जागच्या जागी
दोनदा गोल फिरलो, सावकाश.
टपरीवाला हबीब म्हणाला, "साहेब, काय करायलाव?"
"उत्तर शोधायलोय."
"कशाचं?"

वहीत एक्केचाळीस बारवा आहेत, निळ्या शाईत,
अंश, मिनिटं, सेकंद.
सात वर्षांचे रविवार.
सतराव्या बारवेचे आकडे भरले आणि बाणामागं निघालो
बांधावरून, कोरड्या ओढ्यातून,
विजारीला कुसळं, गुडघ्याला बाभळीचा ओरखडा.
यंत्र दोनदा टुकटुकलं. पोहोचलात.

चहूकडं तूर.
छातीएवढी, पिवळी, मधमाश्यांनी घुमणारी.
पायरी नाही, घडीव दगड नाही,
फक्त मुंजाजी गव्हाणे, खांद्यावर फवाऱ्याचा पंप.
"बारव? हितं कव्हाच नव्हती.
ती बघा, त्या लिंबाखाली.
मागल्या साली येऊन गेलाव की तुम्ही!"

यंत्राला खोटं म्हणावं
तर पडद्यावर तीन मीटरची हमी.
बांधावर बसून सेटिंगची पानं उलटली, एकेक.
तेव्हा कळलं.
परवा बंद पडलं म्हणून सगळं मूळपदावर आणलं,
त्यात त्याची पृथ्वीच बदलली.
मोजणीच्या जुन्या नकाशाशी जुळावं म्हणून
मी एव्हरेस्ट नावाचा जुना गोळा निवडला होता.
ते आपलं गुपचूप नव्या गोळ्यावर जाऊन बसलं.
आकडे तेच.
दोन्हींच्या मधे दीडशे मीटर
आणि मुंजाजीची तूर.

गोळा बदलला. बाण थरथरला, वायव्येला वळला,
मुंजाजीचं बोट अजून होतं तिकडंच.

उतरताना हातात धरून ठेवलं, गंमत म्हणून.
वरच्या पायरीला नऊ उपग्रह.
शेंदूर लावलेल्या कोनाड्याशी सहा.
अकराव्या पायरीला तीन:
आता उंची सांगता येत नाही, म्हणालं.
पाण्यापाशी एकही नाही.
पाण्यात चौकोनी आकाश,
त्यावर पारव्याचं एक पीस, वळत वळत,
त्यालाही दिशा लागेना.
किती वेळ बसलो, माहीत नाही.
ते बिचारं शोधतंय, शोधतंय, शोधतंय म्हणत राहिलं.
शेवटी मीच बंद केलं.
वरून मुंजाजीचा आवाज घुमला,
"घावली का जागा?"
"हाव," मी म्हणालो. "पाणी बी हाय."

रात्री कांचनला वही दाखवली.
म्हटलं, कोणत्या गोळ्यावरचे आकडे, लिहायचंच राहिलं,
एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पुन्हा बघाव्या लागतील.
म्हणजे सगळे रविवार? ती म्हणाली.
सगळे.

खरं तर जुना गोळा निवडून आकडे भरायचे,
मग नवा निवडायचा, की यंत्र आपणच बदलून देतं.
घरबसल्या अर्ध्या तासाचं काम.
ते काही मी बोललो नाही.
सेल काढून ठेवले, स्प्रिंग कोरड्या फडक्यानं पुसली
आणि गजर लावला पाचचा.